शून्य-शून्यवाले इसहाक मास्तर

इसहाक भिंगारदिव्यांनी अब्राहाम उजागरेचा पाय मोडला आणि त्याच पायाच्या प्लास्टरवरून त्याच्या बहिणीशी डोळे जुळवले, ही गोष्ट नगरच्या मिशन कंपाउंडात अजून चवीनं सांगतात. सांगणारा दर वेळी एखादं हाड जास्त मोडतो, पण मूळ गोष्ट खरी.

इसहाक फुल बॅक. म्हणजे आपल्या गोलसमोर उभं राहायचं आणि येईल त्याला परतवायचं. लहानपणी बोर्डिंगात जेवणाच्या रांगेत तो कुणाला मध्ये घुसू देत नसे. कलेचा पाया तिथंच घातला गेला असं त्याचे सोबती म्हणत. वीसेक वर्षं खेळला, पण मैदानाची मधली रेघ त्यानं ओलांडली असेल तर ती फक्त खेळ संपल्यावर, घरी जाताना. गोल एकही केला नाही. बॉल पायात आला की आभाळात भिरकावून द्यायचा. तो कुठं पडला याची चौकशी बाकीच्यांनी करायची.

अब्राहाम बरोबर उलटा. सेंटर फॉरवर्ड. केसांना तेल, गळ्यात रुमाल, आणि गोल मारला की आधी बायका बसल्या असतील तिकडे बघायचा, मग पंचाकडे. छप्पन साली एका सामन्यात हा नटवा बॉल नाचवत आला आणि इसहाकनं पाय घातला. बॉल राहिला बाजूला, अब्राहामच्या पायाची नळी मोडली.

इसहाक मनानं वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी अर्धा डझन केळी घेऊन दवाखान्यात गेला. तिसऱ्या दिवशी परत गेला. चौथ्या दिवसापासून केळी न्यायचं विसरायला लागला, जायचं मात्र एकदाही विसरला नाही. कारण अब्राहामची धाकटी बहीण दीना डबा घेऊन यायची. पाय वर टांगलेला; पायाच्या अलीकडे दीना, पलीकडे इसहाक, आणि मधे अब्राहाम छताचे वासे मोजत पडलेला. प्लास्टर निघालं तेव्हा लग्न ठरून गेलं होतं.

लग्नात पाळकसाहेबांचा आशीर्वाद संपतो न संपतो तोच अब्राहाम लंगडत मांडवाच्या मध्यावर आला.

"बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात हे मला कळतं," तो म्हणाला. "पण यानं माझा पाय घेतला, माझी बहीण घेतली, आता मानही असाच घेऊन जाईल? ज्या दिवशी याचा संघ माझ्या संघाला हरवील त्या दिवशी म्हणेन दाजी. तोवर हा आपला बॅकी!"

मांडव खो-खो हसला. इसहाकही हसला. वर्षा-दोन वर्षांत काम उरकेल असा त्याचा अंदाज होता.

पुढे दोघे नऊ वेळा समोरासमोर आले आणि नऊही वेळा शून्य-शून्य. इसहाक अब्राहामला गोल करू देईना; आणि इसहाकचा दरारा असा, की त्याच्याच संघातले फॉरवर्डसुद्धा त्याच्या एका हाकेसरशी राखण करायला मागे धावत यायचे. मग गोल करणार कोण? दर नाताळाला तो सासरी जायचा आणि अब्राहाम दारातच ओरडायचा, "काय रे बॅकी, आलास का?" शेजारच्या घरचा जावई कामाधंद्याला जात नव्हता, बायकोच्या जिवावर जेवत होता, पण त्याला चारी मेहुणे दाजी-दाजी करायचे. इसहाक करंजी तोंडात धरून ते ऐकायचा. असे अकरा नाताळ गेले. माणूस गोल अडवू शकतो, पण न आलेला शब्द कसा आणणार?

गुडघे बोलायला लागले तशी त्यानं बूट खुंटीला अडकवले आणि पी.टी. मास्तर म्हणून जामखेड तालुक्यात खर्ड्याला बदलून गेला. आता संपलंच, असं त्यानं धरलं होतं. दीनानं धरलं नव्हतं.

"अहो, दादा 'याचा संघ' म्हणाला होता ना? बूट तुमच्याच पायात असले पाहिजेत असं कुठं म्हणाला?"

मास्तर उठले आणि त्याच संध्याकाळी किल्ल्याच्या तटाखालच्या माळावर पोरं गोळा केली. ते मॅनेजर झाले ते असे. पोरं कसली, तालमीत घुमणारे, मोट हाकणारे गडी. छगन तर एवढा रुंद होता की सावलीला त्याच्यामागे दोन माणसं बसायची. फुटबॉल कुणी पाहिलेला नव्हता, आणि मास्तरांना तेच हवं होतं. त्यांनी दहाच्या दहा जणांना गोलसमोर उभं केलं.

"मास्तर, पुढं कोन जानार?" छगननं विचारलं.

"पुढं काय आहे?"

"त्यांचा गोल हाय की."

"त्यांचा आहे ना? मग तो त्यांनी सांभाळावा."

एवढ्यावर शिक्षण पूर्ण झालं. तीन वर्षांत खर्ड्याच्या संघावर मोजून दोन गोल झाले, त्यातला एक वावटळीत. खर्ड्यानं किती केले हे विचारणं असभ्यपणाचं समजलं जायचं.

एकाहत्तर साली संघ नगरच्या स्पर्धेला गेला. अब्राहामही आता शहरातल्या एका क्लबाचा मॅनेजर झाला होता, म्हणजे गाठ पडणार होती. स्पर्धेचा नियम असा, की बरोबरी झाली तर दोन्ही संघांच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकायच्या, बाहेरगावच्या संघानं एक उचलायची. ज्याचं नाव निघेल तो संघ पुढे. हा नियम वाचून मास्तरांनी संघाच्या यादीत बारावं नाव घातलं : कडूबाई.

कडूबाई म्हणजे खर्ड्याची साठीची म्हातारी. गावात कुणीही भिशी लावो, पहिली चिठ्ठी तिचीच निघायची. बायकांनी वैतागून तिला दोन भिशांतून काढून टाकलं होतं. तिला यष्टीत खिडकीची जागा, वर तंबाखूची पुडी, आणि खेळाडूंच्या आधी चहा, असा करार झाला.

पहिला सामना सोनईशी : शून्य-शून्य. कडूबाईनं पदर खोचून टोपीत हात घातला, खर्डा निघालं. दुसरा सामना कॅथलिक मंडळींशी : शून्य-शून्य. फादरांनी डोळे मिटून जपमाळ धरली, कडूबाईनं डोळे मिटून तंबाखू धरली, खर्डा निघालं. तिसऱ्याला लष्करातले जवान. त्यांनी दीड तास असा मारा केला की छगनच्या छातीवर बॉलची शिलाई उमटली. शून्य-शून्य. तोवर नगरात ही बातमी इतकी पसरली की लोक सामना सोडून फक्त चिठ्ठीला यायला लागले होते. कडूबाई उठली की हलगी वाजायची. टोपी पुढे केलेला सुभेदार म्हणाला, "माताजी, जरा हमारा भी खयाल रखना." कडूबाईनं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि खर्डा काढलं. एकही गोल न करता संघ अंतिम सामन्याला पोचला. समोर अब्राहामचा क्लब.

अब्राहाम तडक स्पर्धेच्या कमिटीकडे गेला. "हरवणं म्हणजे गोल करून हरवणं. म्हातारीनं हरवणं मी मानणार नाही." कमिटीलाही जवानांकडे बघायची लाज वाटतच होती. ठरलं : अंतिम सामन्याला चिठ्ठी नाही. जो पहिला गोल करील तो जिंकला. कुणीच केला नाही तर पुन्हा खेळायचं, होईपर्यंत खेळायचं.

शनिवारी दिसेनासं होईपर्यंत खेळले. शून्य-शून्य. रविवारी मिशनवाले खेळत नाहीत, म्हणून पुढचा सामना सोमवारी.

मास्तर पुरते हबकले. असा सामना वर्षभर चालवायची त्यांची तयारी होती, पण त्यात त्यांचा संघ हरला नसता आणि जिंकलाही नसता. आणि तो शब्द तसाच पलीकडे राहिला असता. रविवारी चर्च सुटल्यावर सासूबाईंनी नेहमीप्रमाणे जेवायला बोलावलं. मटणाचा रस्सा, भाकरी, कांदा. अब्राहाम समोर. दोघांचे भुरके चालू होते. मग मास्तरांनी हात थांबवला.

"अब्राहाम, एक विचारू? गोल करतात कसा?"

यात कावा नव्हता. माणसाला खरंच माहीत नव्हतं. पण अब्राहामला हा प्रश्न आजवर कुणीच विचारला नव्हता. गोल केला की लोक टाळ्या वाजवायचे, पण कसा केला हे कुणी विचारायचं नाही. त्याचा चेहरा दिवाळीसारखा उजळला.

"बघ बॅकी," त्यानं भाकरी बाजूला सारली, "ही ताटली म्हणजे मैदान. ही हाडं म्हणजे बॅक. हा कांदा गोलकीपर. लिंबू म्हणजे बॉल. बॉलमागे धावतो तो बैल. बॉल जिथं येणार तिथं आधी जाऊन उभा राहतो, तो फॉरवर्ड. आता कोपऱ्यातून मारायचा कॉर्नर घे. कॉर्नर आला की बॉल धरायला कांदा पुढं सरकतो. आमचाच घे ना, दर वेळी दोन पावलं पुढं येतो, शंभरदा ओरडलो त्याच्यावर. मग मागच्या, पलीकडच्या खांबापाशी कोण राहिलं?"

"कोण?"

"कुणी नाही! तिथं गपचूप जाऊन उभं राहायचं. बाकी काही नाही. लिंबू आपोआप येतं."

"अरे मेल्या," सासूबाई दारातून म्हणाल्या, "उद्या सामना कुणाशी आहे तुझा?"

अब्राहाम लिंबू धरून थांबला. दीना पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली. मास्तरांनी पुरावा नको म्हणून तो कांदा खाऊन टाकला.

सोमवारी सकाळी त्यांनी छगनला बाजूला घेतलं आणि चोरी करायला शिकवावी तसं कुजबुजत सगळं सांगितलं. छगन घाबरला. "पुढं जाऊ? मी? गावात कळलं तर?"

"मी खूण करीन. मी म्हटलं की जायचं."

सामना सुरू झाला तो शनिवारचाच जणू पुढे चालू. तास उलटला. मग खर्ड्याच्या पुंजारामनं आपल्या गोलसमोरून असा टोला हाणला की बॉल अख्खं मैदान ओलांडून पलीकडे गेला. त्या बाजूला बॉल येण्याची कुणाला सवयच नव्हती. शहरचा एक बॅक गडबडला आणि त्यानं तो आपल्याच रेषेबाहेर मारला. पंचानं शिट्टी फुंकली : कॉर्नर, खर्ड्याला!

खर्ड्याचे गडी एकमेकांकडे बघायला लागले. कॉर्नर मिळतो म्हणजे काय मिळतं, हेच कुणाला माहीत नव्हतं. पुंजाराम तेवढा कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. छगन मास्तरांकडे बघत होता. मास्तरांनी तोंड उघडलं. 'पुढं' म्हणायचं होतं. पण वीस वर्षांची जीभ ती.

"मागं!" मास्तर ओरडले. "मागं! मा...!"

पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा तेच. शेजारी कडूबाई बसली होती. चिठ्ठी नसल्यानं दोन दिवस तिला काम नव्हतं, आणि बाई कंटाळून कावली होती. तिनं मास्तरांच्या तोंडावर हात ठेवला आणि उभी राहिली.

"आरं ये छगन्या! हुबा काय ऱ्हायलास खांबावानी? हुबंच ऱ्हायचं तर त्या खांबापाशी जाऊन ऱ्हा की!"

छगन उधळला. मधली रेघ आली तिथं क्षणभर अडखळला, मग डोळे मिटून ओलांडली आणि मागच्या खांबापाशी जाऊन उभा राहिला. पुंजारामनं बॉल मारला. गोलकीपर दोन पावलं पुढं आला. बॉल त्याच्या हातांवरून गेला, छगनच्या छातीवर धपकन आदळला आणि खाली पडून, कसली घाई नसल्यासारखा, रेषेपलीकडे गेला.

मैदान फुटलं. पण सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा उंच, नाचायला लागला तो अब्राहाम. टोपी उडवली, रुमाल उडवला.

"बघितलं? मागचा खांब! अगदी तस्सा! अहो दाजी, काल काय सांगितलं होतं मी? अहो दाजी!"

त्याच्या संघातले अकरा जण कमरेवर हात ठेवून आपल्या मॅनेजरकडे बघत राहिले. अब्राहामचा एक पाय हवेतच होता. मास्तरांनी त्याची कॉलर धरली.

"काय म्हणालास?"

"मागचा खांब म्हणालो."

"त्याच्या आधी."

"काही नाही. टोपी कुठं गेली माझी?"

"दादा," बायकांच्या बाजूनं धावत आलेली दीना धापा टाकत म्हणाली, "मी ऐकलंय. दोनदा म्हणालास."

तिकडे कर्ण्यावरून खर्ड्याच्या मॅनेजरचं नाव पुकारत होते. कप, हार, पाहुणे, सगळे खोळंबले होते. मास्तर हलायला तयार नव्हते.

"मी जाणार नाही. शुद्धीवर असताना म्हण."

कर्णा तिसऱ्यांदा ओरडला. अब्राहामनं इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला, मेहुण्याच्या शर्टाची चुरगळलेली बाही नीट केली.

"चला दाजी," तो म्हणाला, "लोक थांबलेत. आणि हे बघा, भाषणात गोल कुणी शिकवला ते तेवढं सांगा."

मास्तरांनी सांगितलं. पाहुण्यांना नीट ऐकू गेलं नाही म्हणून अब्राहामनं पुन्हा सांगायला लावलं. खर्ड्याचे गडी शिट्ट्या घालत होते, म्हणून तिसऱ्यांदा.