रिठ्याच्या पाण्यातली रेकॉर्ड

आधीच सांगून टाकते, शेवट गोड झाला. नाहीतर मी हे लिहायला बसलेच नसते. इतकी वर्षं झाली तरी ती दुपार आठवली की आधी शेवट आठवून घेते, तेव्हा कुठे हुश्श होतं.

दोन हजार चार साल. आम्ही अमेरिकेत पिस्कॅटवेला एका टाउनहाउसमध्ये भाड्यानं राहत होतो. नवरा साताऱ्याचा, मी नागपूरची, दोघंही सॉफ्टवेअरवाले. मुलगी अडीच महिन्यांची होती आणि मी रजेवर होते. बाळंतपणाला माझी आई यायची होती, पण तिचा व्हिसा काही झाला नाही, म्हणून सासूबाई आल्या. सहा महिन्यांसाठी. मैत्रिणी फोनवर हळहळायच्या, "सहा महिने? यार, कठीण आहे तुझं!" खरं तर तसं काही नव्हतं. बाई कामाला वाघ होत्या. फक्त त्यांना स्वस्थ बसवत नसे. पडदे झाले, चादरी झाल्या, कार्पेटवरचे डाग झाले, मग त्यांनी दुकानातून आणलेली केळीसुद्धा धुवायला घेतली. येताना साताऱ्याहून रिठ्याची किलोभर पिशवी आणली होती. विमानतळावर कस्टम्सच्या माणसानं ती उघडून वास घेतला म्हणे, आणि तोंड वाकडं करून जाऊ दिलं.

भिंतीला भिंत लागून शेजारी एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहायचे. पंचाहत्तरीचे, काळेसावळे, ताडमाड उंच, टपालपेटीपर्यंत जायचं तरी डोक्यावर हॅट. तरुणपणी ते सॅक्सोफोन वाजवायचे, आणि चांगले नावाजलेले होते. आता संधिवातानं बोटं आखडली होती, वाजवणं सुटलं होतं. जॅझ म्हणजे लिफ्टमध्ये वाजतं ते, एवढंच माझं ज्ञान. मी तसं बोलून दाखवल्यावर ते हसले. "लिफ्टमधलं वेगळं. आमच्या प्रकाराला हार्ड बॉप म्हणतात. थोडं चर्चमधलं, थोडं दुःखाचं, आणि मागून ड्रमवाला हाकतोय. त्यात घाम निघतो." सासूबाईंना त्यांचं नाव काही उच्चारता येईना. त्या आपल्या त्यांना 'पिपाणीवाले' म्हणायच्या. तेही अगदी आदरानं, "पिपाणीवाले दिसले नाहीत गं आज."

मार्चमध्ये एके दिवशी ते एक चपटं खोकं घेऊन आमच्या दारात आले. कॅलिफोर्नियातली एक छोटी कंपनी त्यांच्या जुन्या चार रेकॉर्डी सीडीवर पुन्हा काढणार होती. तीन रेकॉर्डींच्या मूळ टेप सापडल्या होत्या. चौथीची टेप गोदामाच्या आगीत कधीच जळून गेली होती. त्या चौथीवर पियानोला त्यांचा धाकटा भाऊ होता. रेकॉर्डिंगनंतर त्याच हिवाळ्यात तो मोटार अपघातात गेला. सव्वीस वर्षांचा होता. त्याचं वाजवणं जगात या एकाच रेकॉर्डवर होतं, आणि हिच्या प्रतीही मुळात मोजक्याच निघाल्या होत्या. कंपनीला मिळालेल्या दोन्ही इतक्या चरे पडलेल्या, की उपयोग शून्य. यांच्या घरची प्रत मात्र नवीन असताना दोनदाच वाजली होती, तीही एका डबड्या प्लेअरवर. भाऊ गेल्यावर यांना ती ऐकवलीच नाही.

"कुरियरवाला शुक्रवारी येईल," ते म्हणाले. "मी उद्या लेकीकडे जॉर्जियाला निघालोय, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तू घरी असतेस, म्हणून तुझ्यावर सोपवतो. माझा भाऊ आहे त्यात."

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, काळजी करू नका.

खोकं डायनिंग टेबलावर ठेवलं. सासूबाईंनी विचारलं, हे काय? मी बाळाला पाजत होते, अर्धवट झोपेत. म्हटलं, "शेजारच्यांची रेकॉर्ड आहे, आई. शुक्रवारी द्यायचीय." बास. इतकंच बोलले मी. आता तुम्ही कुठल्याही मराठी घरात वाढला असाल तर पुढचं तुम्हाला कळेल. शेजारच्यांची वस्तू, आणि द्यायची आहे! आपल्याकडे शेजारचा डबा घासूनपुसून, वर आत काहीतरी घालून परत देतात. सासूबाईंनी आयुष्यात कुणाचं भांडं तसंच परत केलं नव्हतं. आणि त्या रेकॉर्डवर तर चाळीस वर्षांचा सिगारेटचा धूर आणि तळणाची वाफ बसलेली, बोट लावलं तर चिकटत होतं.

बुधवारी दुपारी बाळाबरोबर माझाही डोळा लागला. उठून किचनमध्ये आले, तर सिंकमध्ये फेस, घरभर रिठ्याचा वास, आणि ताटं निथळायच्या रॅकमध्ये, दोन ताटांच्या मध्ये, ती रेकॉर्ड. टपटप पाणी गळतंय. शेजारी सासूबाई पदराला हात पुसत उभ्या.

"बघ कशी लख्ख निघाली," त्या म्हणाल्या. "केवढी मळली होती! अशी द्यायची का लोकांना?"

माझ्या जिभेला तसंही हाड नाही, आणि त्या दिवशी तर तोंड सुटलंच. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही, लाज वाटते. एक वाक्य सांगते. "तुम्हाला हात लावायला सांगितलं होतं कुणी? आलात तर गप्प बसून राहा ना!" माझ्या ओरडण्यानं बाळ उठून रडायला लागलं होतं, त्याला घेऊन सासूबाई आत गेल्या.

मी रेकॉर्ड उजेडात धरून पाहिली. काळी कुळकुळीत, चमकत होती. पण चमकत तर चरे पडलेली कढईसुद्धा असते. मधल्या गोल कागदाची कड ओलसर होती. वाजवून बघायला घरात प्लेअर नाही. संध्याकाळी नवरा आला, त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कोरडी झालीय ना? देऊन टाक. कुणाला काय कळतंय?" मला ते पटेना. माणूस भाऊ हातात देऊन गेला होता आणि आम्ही त्याला भांड्यांबरोबर विसळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जॉर्जियाला फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "बाळ कसं आहे?" मी म्हटलं, छान आहे. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मी तिथेच खुर्चीत बसून रडले.

मग कंपनीच्या रेकॉर्डिंगवाल्याला फोन केला. पोरगेलासा आवाज होता. हकीकत ऐकून तो आधी "ओ माय गॉड" म्हणाला, आणि मग एकेक प्रश्न विचारायला लागला. पाणी गरम होतं का? गरम असलं तर रेकॉर्ड वाकडी होते. आता हे मला कुठून माहीत? विचारायचं त्यांनाच, आणि त्या तर कालपासून कामापुरतंच बोलत होत्या. मी फोनवर हात ठेवून, मान खाली घालून विचारलं, "आई, पाणी गरम होतं का हो?"

"कोमट," सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "कोपर बुडवून बघितलं होतं. बाळाचं बघते तसंच."

मी भाषांतर केलं. त्यानं विचारलं, घासली कशी, आडवी की गोल?

"गोल. रेघा गोल आहेत तर आडवं कशाला घासू? डोळे आहेत मला."

कशानं घासली? "माझ्या जुन्या पातळाचा तुकडा. बाळाच्या दुपट्याचा उरलेला." साबण कुठला? "साबण? छे! साबणाचे पांढरे डाग राहतात. रिठा. पैठणीला चालतो तो हिला चालणार नाही होय?" फेस राहिला असेल का? "तीन पाण्यांतून काढलीय." आणि मधला कागद फक्त कडेलाच ओलसर कसा, सगळा भिजला कसा नाही, असं त्यानं विचारल्यावर सासूबाईंनी शेवटी माझ्याकडे पाहिलं. "वाटी उपडी दाबून धरली होती त्यावर. कागद भिजू नये एवढी अक्कल आहे मला. तू विचारलंच कुठे काल?"

खरंच विचारलं नव्हतं. पलीकडचा पोरगा म्हणाला, "वाटीची आयडिया मी चोरणार, त्यांना सांगा." माझ्या जिवात थोडा जीव आला. पण त्यानं पुढे हेही सांगितलं की प्रत्यक्ष वाजवल्याशिवाय खात्री नाही. रेघांमध्ये काही वाळून बसलं असेल तर पियानो खरखरीत गिळला जाईल. हळू आवाजाच्या जागा आधी जातात.

शुक्रवारी कुरियरवाला खोकं घेऊन गेला. पुढचे नऊ दिवस मी धड जेवले नाही. सासूबाई डिंकाचा लाडू पुढ्यात ठेवायच्या, मी बाजूला सारायचे. फोन वाजला की दोघी दचकायचो. तेवढ्यात मात्र आमचं एकमत होतं.

दहाव्या दिवशी, मी बाळाचे कपडे घड्या करत असताना फोन आला. तोच पोरगा. "ऐका," तो म्हणाला, "इतकी स्वच्छ जुनी रेकॉर्ड मी अजून ऐकलेली नाही. तो काळा थर होता ना, सगळा गेला. दुसऱ्या बाजूला एक बारीकशी टिकटिक आहे, ती मी काढीन." मी हातातलं झबलं बाजूला ठेवलं. तो पुढे विचारत होता, "आणि खोक्यात फॉइलमध्ये दोन तपकिरी गोळे होते. ते पण क्लीनिंगचे का?"

डिंकाचे लाडू! नुसतं खोकं द्यायचं नाही म्हणून बाईंनी माझ्या नकळत आत सरकवले होते. मी हसत सुटले, हसता हसता रडले, आणि त्याला सांगितलं, "अरे बाबा, खा ते." मग किचनकडे ओरडले, "आई, वाचलो!"

"वाचलो काय?" आतून आवाज आला. "नुसती धुतली तर होती."

त्या रात्री मी दोन ताटं जेवले. इतकं हलकं मला बाळंत झाल्यावरसुद्धा वाटलं नव्हतं. म्हातारबाबांना पोराचा फोन आधीच गेला होता. जॉर्जियाहून परत आल्यावर ते काळा चष्मा लावून दारात उभे राहिले, आणि सासूबाईंचा हात दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ हलवत राहिले. सासूबाई संकोचून नुसतं "हो, हो" म्हणत होत्या. मी मात्र अजून त्यांची माफी मागितली नव्हती. आपल्या घरांत सॉरी पटकन तोंडातून निघत नाही. आज मागू, उद्या मागू करत राहिले.

सीडी आली ती सासूबाई परत जायच्या आठवड्यात. तोवर मुलगी पालथी पडायला लागली होती. दुपारी म्हातारबाबा हॅट हातात धरून आले. म्हणाले, एकट्यानं ऐकायचं धाडस होत नाही, तुमच्याकडे लावू का? नवरा रविवार असल्यानं घरीच होता, त्यानं स्टिरिओ लावला. आम्ही सगळे बसलो. सॅक्सोफोन सुरू झाला तसे ते स्वतः मान हलवायला लागले, आखडलेली बोटं गुडघ्यावर हलवायला लागले. मला जॅझ तेव्हाही फारसं कळत नव्हतं, पण हा माणूस तरुणपणी काय ऐटीत वाजवायचा ते कळलं.

मग एक संथ चीज लागली. सॅक्सोफोन थांबला, नुसता पियानो. आणि पियानोच्या खालून कुणीतरी गुणगुणत असल्यासारखा आवाज येऊ लागला. बेसूर, नाकातून.

नवरा हळूच म्हणाला, "काही डिफेक्ट राहिलाय का गं?"

मी सासूबाईंकडे पाहिलं, त्या माझ्याकडे. म्हातारबाबांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं. ते पुढे वाकून ऐकत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चीज संपेपर्यंत कुणी हललं नाही.

"तोच आहे," ते म्हणाले. "गायल्याशिवाय त्याला वाजवताच यायचं नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्याला झापलं होतं. म्हटलं, तोंड बंद ठेव, माझी रेकॉर्ड खराब करशील. त्यानं मान डोलावली. त्या डबड्या प्लेअरवर हे कधी ऐकूच आलं नाही, मला वाटत होतं, त्यानं ऐकलं. देवाची कृपा, नाही ऐकलं."

सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं, "काय म्हणतात गं?"

मी सांगायला लागले. भाऊ वाजवताना गायचा, आई. त्याचाच आवाज आहे तो. हे त्याला रागावले होते, सगळ्यांसमोर, रेकॉर्ड खराब करशील म्हणून. एवढं बोलले आणि तिथेच थांबले. "आई," मी म्हटलं, "त्या दिवशी मी नको ते बोलले. माझं चुकलं."

"ते राहू दे आता," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आधी त्यांना विचार, ते गाणं परत लावतील का."

विचारायची वेळ आली नाही. म्हातारबाबा उठून स्टिरिओपाशी गेले होते, आणि नवऱ्याला विचारत होते की मागे जायचं बटण कुठलं.