पेटी क्रमांक सात आणि खरडचं कार्ड

बाबांनी परवानगी दिली ती दोन अटींवर. पहिली, कॉम्प्युटर पेटी क्रमांक सातमध्ये मावला पाहिजे, वरचं झाकण लागून. दुसरी, काम अर्धवट सोडायचं नाही. चालू झाला नाही तर सगळे भाग परत करायचे आणि हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही.

पेट्यांबद्दल आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत आणि त्यांची दर काही वर्षांनी बदली होते. नागपूर, जबलपूर, रांची आणि आता चंदिगड. आमच्या क्वार्टरच्या माळ्यावर लाकडी पेट्या आहेत, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात आकडा. मिक्सर तीनमध्ये, देव एकमध्ये, टीव्ही सातमध्ये. बाकीच्यांच्या घरी वस्तू घेताना रंग बघतात, आमच्याकडे आई दुकानदाराला आधी विचारते, "खोका देणार ना? थर्माकोलसकट?" जुना टीव्ही मागच्या दिवाळीत गेला, म्हणून सात नंबर रिकामी होती. बदल्यांची पत्रं एप्रिल-मेमध्ये येतात आणि बाबांची चंदिगडची वर्षं आता भरत आली आहेत.

दुसरी अट खास माझ्यासाठी होती. चार गावांत शाळा झाल्या. पोहण्याचा क्लास, बासरी आणि शेवटी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, सगळं मध्येच सुटलं. पूर्ण झालं ते फक्त टायपिंग. त्याच्याच जोरावर मी हायकोर्टात एका वकीलसाहेबांकडे अर्ज टाइप करतो आणि कॉम्प्युटरचे पैसे त्या पगारातूनच साठवले; जुना मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस साहेबांनीच खोक्यासकट दिला.

तर फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी आणि समोरच्या क्वार्टरमधला हॅपी. खरं नाव हरप्रीत, पण त्या नावानं त्याला फक्त पोस्टमन हाक मारतो. सायबर कॅफेत आम्ही दोघं गेम खेळत मोठे झालो. तिथला माऊस चिकट आणि ऐन वेळी कोणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणणार, "टाइम हो गया जी." स्वतःचं मशीन हवं, हे आमचं केव्हाचं ठरलेलं.

निघताना आईनं थालीपिठांचा डबा दिला. हॅपीनं झाकण उघडून वास घेतला.

"वाह आंटी जी, मिस्सी रोटी!"

"मिस्सी रोटी नाही रे बाबा, थालीपीठ," आई म्हणाली. चंदिगडला आल्यापासून ती हेच सांगते आहे. मग माझ्या हातातले कागद बघून मला म्हणाली, "एवढी चौकशी तर तुझ्या बाबांनी ताईच्या लग्नातसुद्धा केली नव्हती."

खरंच केली होती मी चौकशी. पहिल्यांदा कॉम्प्युटर जुळवणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. सुरुवात प्रोसेसरपासून करा. त्याच्या पिना ज्या मदरबोर्डच्या खाचेत बसतात तोच बोर्ड घ्यायचा; दिसायला सारखे असले तरी एकाचा दुसऱ्याला चालत नाही. मग रॅम. जुन्या आणि नव्या जातीच्या पट्टीतली खाच वेगळ्या जागी असते, जोर लावलात तर बोर्ड तुटेल, पट्टी बसणार नाही. ग्राफिक्स कार्डाचं सध्या संक्रमण चालू आहे: जुन्या पद्धतीची खाच जाते आहे, नवी येते आहे आणि दुकानदार जुना माल खपवायला बसलेत. शेवटी वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस. स्वस्त कॅबिनेटबरोबर जो फुकट येतो त्याच्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. तो वेगळा घ्या, हातात वजनदार लागला पाहिजे.

पहिला मुक्काम सेक्टर वीसचा कॉम्प्युटर बाजार. सकाळी साडेदहाच्या आधी जाऊ नका, शटरच उघडत नाहीत. स्कूटरवर दोघांनीही हेल्मेट घाला; इथले ट्रॅफिक पोलीस झाडामागे उभे असतात आणि या शहरात झाडं खूप आहेत. गोल चौकांवर बाहेरगावचे लोक हमखास चुकतात, कारण चारही बाजू सारख्याच दिसतात. फेब्रुवारीत मात्र चुकलात तरी हरकत नाही. ऊन कोवळं असतं आणि प्रत्येक चौक फुलांनी भरलेला असतो.

बाजारात मी पाच दुकानांत तेच प्रश्न विचारले. तिसऱ्या दुकानातल्या सरदारजींनी हात जोडले. "बेटा जी, तू कॉम्प्युटर लै रहा है के मेरा इम्तिहान?"

हॅपी म्हणाला, "अंकल, हा गोलगप्पे खातानाही पाण्याची जात विचारतो."

प्रोसेसर, बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क मिळाली. बोर्डाच्या बॉक्सवर नव्या कार्डाची खाच छापलेली होती, तरी मी बॉक्स उघडून प्रत्यक्ष बघितली. मग कॅबिनेट. टेप खिशातच होता. पेटीची आतली मापं कागदावर, चारही बाजूंना थर्माकोलसाठी दोन-दोन बोटं सोडून. दुकानात निळ्या दिव्यांचं, एका बाजूला काच असलेलं एक उंच कॅबिनेट होतं. हॅपी त्याच्यासमोरून हलेना. मी टेप लावला. उंचीला पेटीपेक्षा वीतभर जास्त. मग कोपऱ्यातलं एक बुटकं, काळं, साधं कॅबिनेट काढायला लावलं. लांबी, रुंदी, उंची, तिन्ही मापं बसली.

"यार मिल्ली," हॅपी म्हणाला. माझं नाव मिलिंद आहे, पण पंजाबात नावं फार वेळ पूर्ण राहत नाहीत. "हे कॅबिनेट आहे की टिफिन?"

"सात नंबरमध्ये बसतंय ना, झालं."

सामान घरी टाकलं आणि मोहालीकडे निघालो. किनूचे, म्हणजे इकडच्या संत्र्यांचे, दिवस होते. रस्त्याच्या कडेला नारिंगी फळांचे डोंगर लागलेले, दहा रुपयांत रसाचा मोठा ग्लास, वर काळं मीठ. बर्फ नको म्हणा, घसा सांभाळा. एसएमपीएस मोहालीत मिळाला. दुकानदारानं तो वजनासाठी माझ्या हातात ठेवला तेव्हा फार बरं वाटलं. बाहेर बाकावर बसून थालीपिठं खाल्ली. हॅपीनं त्यावर लोण्याचा गोळा ठेवला, जो त्यानं घरून कागदात बांधून आणला होता.

ग्राफिक्स कार्ड नवं घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून मोहालीच्या पुढचं खरड गाव गाठायचं होतं. तिथल्या एका खासगी कॉलेजचा जग्गी नावाचा मुलगा आपलं कार्ड विकतो आहे, असं हॅपीला कॅफेत कळलं होतं. वाटेतली बलौंगीची वस्ती ओलांडली की शहर संपतं आणि दोन्ही बाजूंना मोहरी सुरू होते. आत्ता सगळं शेत पिवळं आहे. पण जायचं असेल तर लवकर जा. मध्ये मध्ये प्लॉटचे दगड रोवलेले दिसायला लागलेत. रस्ता एकपदरी, ट्रक बरेच आणि स्कूटरचा आरसा सारखा वळतो.

जग्गीच्या खोलीत पलंगावर अर्धी बांधलेली बॅग होती. दोन विषय राहिल्याचं घरी कळलं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याचे वडील त्याला भटिंड्याला न्यायला येणार होते.

"पप्पा येण्याआधी हे खोलीतून गेलं पाहिजे," तो म्हणाला. "मैंने कहा है कंप्यूटर पढ़ाई के लिए है."

त्यानं कार्ड त्याच्या मशीनवर चालवून दाखवलं. काय चित्र होतं! गेममधल्या पाण्यात ढग दिसत होते. मी कार्ड काढायला लावलं, खाच बघितली, विजेची जोडणी बघितली, पंखा बोटानं फिरवला. सगळं माझ्या बोर्डाशी जुळत होतं.

"देख लो वीरे, वापस नहीं होगा," जग्गी म्हणाला. "कल तो मैं ही वापस जा रहा हूँ."

परत येताना ते कार्ड मी स्वेटरमध्ये गुंडाळून पोटाशी धरलं होतं. हॅपी प्रत्येक खड्ड्याला ओरडत होता, "बच्चा ठीक है?"

घरी पोचलो तेव्हा बाबा चहा पीत होते. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि सगळं जुळवायला बसलो. आधी पाण्याच्या लोखंडी नळाला हात लावून अंगातली वीज घालवा, हे विसरू नका. प्रोसेसर अलगद बसला. रॅमच्या कड्या टक् करून लागल्या. बोर्ड कॅबिनेटमध्ये गेला, एसएमपीएस गेला, हार्ड डिस्क गेली. बाबांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं होतं. आई कणीक मळायची थांबली होती. शेवटी कार्ड.

कार्ड खाचेपर्यंत पोचेना. त्याचं टोक हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडत होतं. तिरकं केलं, उलट बाजूनं घातलं, हार्ड डिस्क काढून पाहिली. पिंजरा पत्र्यालाच रिव्हेटनं ठोकलेला होता. दोन बोटं कमी पडत होती.

हॅपी हळूच म्हणाला, "थोडंसं कापलं तर?"

"कार्ड?"

"नाही रे, डब्बा."

जग्गी उद्या जाणार, म्हणजे कार्ड परत होणार नाही. मोठं कॅबिनेट घ्यावं तर पेटीत बसणार नाही. एक अट पाळायची तर दुसरी मोडत होती. वेगळं वाटलं ते एवढंच की या वेळी मी कुठेही आळस केला नव्हता. तरीही टेबलावर अर्धवट पडलेली आणखी एक गोष्ट तयार झाली होती.

बाबा उठले. त्यांनी माझ्या हातातून टेप घेतला, कार्ड मोजलं, मग कॅबिनेटच्या आत हात घालून ती जागा मोजली. तीन वेळा.

"तू हे बाहेरून मोजलंस," ते म्हणाले.

"हो."

"आत काय जायचंय ते नाही बघितलंस."

"पेटीत बसायला हवं होतं ना."

बाबांनी टेप गुंडाळला. "आपण सगळंच बाहेरून मोजतो," ते म्हणाले. मग आईला, "उद्या रविवार. सेक्टर वीस उघडं असतं का गं?"

"मला काय माहीत? मी काय प्रोसेसर आणायला जाते?"

रविवारी अर्धा बाजार बंद होता, पण कॅबिनेटवाल्याचं शटर अर्धं वर होतं. बाबा वाकून आत शिरले. काखेत बुटकं कॅबिनेट, खिशात माझा टेप; कार्ड माझ्या हातात. कालचा दुकानदार मला बघून म्हणाला, "आज पिताजी को भी ले आए? मर गए."

बाबांनी एकामागून एक कॅबिनेट उघडायला लावली आणि प्रत्येकात हात घालून आतून मोजलं. शेवटी त्या निळ्या दिव्यांच्या उंच कॅबिनेटपाशी आले. कार्ड बसलं, वर चार बोटं जागा राहिली.

"बाबा, हे पेटीत नाही जाणार."

"दिसतंय मला. डोळे आहेत." मग दुकानदाराला, "ये लाइट बंद होती है क्या?"

"होती है जी, बटन है."

"चालू ही रहने दो."

जुनं परत देऊन वर थोडे पैसे भरावे लागले. ते बाबांनी भरले. मी खिशात हात घातला तर म्हणाले, "अट मी घातली होती."

संध्याकाळी बटण दाबलं. पंखे फिरले, काळा पडदा, एक सेकंद काहीच नाही. मग एकच बीप. लांब नाही, दोनदा नाही, एकच. ज्यांनी स्वतः जुळवलंय त्यांना माहीत आहे की याहून गोड आवाज नसतो. हॅपीनं मला उचललं आणि माझं डोकं पंख्याला लागता लागता राहिलं.

आता ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. जेवणाचं सोडून दुसरं टेबल नव्हतं. बाबा माळ्यावर चढले आणि सात नंबरची पेटी खाली उतरवली. आतला थर्माकोल आईनं भंगारवाल्याच्या पोत्यात घातला; बाबांनी तिकडे पाठ केली होती. पेटी पालथी घातली. उंची अगदी बरोबर निघाली. पांढरा सातचा आकडा उलटा झाला आहे, पण त्याच्यावर गुडघा टेकला की चांगलं बसता येतं.

ही सहल करायची असेल तर दोन दिवस ठेवा, पेट्रोल भरून निघा, किनू खा, आणि टेप घेतलात तर तो आत घाला. माझ्याकडे त्या दोन दिवसांतलं उरलं म्हणाल तर एक कॉम्प्युटर, जो पूर्ण झाला.

आणि एक नवीन खेळाडू. हॅपी नसला की संध्याकाळी बाबा गाडीचा गेम लावायला सांगतात. ते डाव्या बाजूनं चालवतात आणि रस्ता रिकामा असला तरी चौकात थांबतात. बाकीच्या गाड्या कधीच्या पुढे निघून जातात. पत्रं यायचे दिवस जवळ आलेत. परवा मी मागे उभा राहून विचारलंच, "बाबा, बदली आली तर हे न्यायचं कसं?"

एरवी त्यांच्याकडे याचं उत्तर तयार असतं, पेटीच्या नंबरासकट. या वेळी त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

"येईल तेव्हा बघू," ते म्हणाले. "आधी हे वळण जाऊ दे."