मागच्या सीटवरची शाल

मंडळी, आज इथे आमच्या शुगर लँड गावच्या उकाड्यात आमच्या हायब्रिड गाडीचा लाल दिवा लागला. इंजिन तापलं असणार, म्हणून गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. कूलंट भरलेलं, गळती नाही. इंजिनिअर असून डोकं चालेना, यार!

शेवटी गाडी टो करून गॅरेजला नेली; मागे बसलेली आई सोबत होतीच. मेकॅनिकने सरळ मागचं दार उघडलं. हायब्रिडची मोठी बॅटरी मागच्या सीटमागे असते आणि सीटशेजारच्या जाळीतून हवा ओढून थंड राहते. त्या जाळीत आईची शाल कोंबलेली होती!

मी वैतागलोच. "आई, हे काय?"

"अरे, मला वाटलं गार वारा तिथूनच येतो. गुडघे फार दुखतात रे."

"मग एसी कमी कर म्हणायचं ना!"

"तुम्हाला उकडतं ना. माझं काय, महिन्याभरात परतच जायचंय."

पुण्याहून इकडे परदेशात आमच्याकडे येऊन तिला चार महिने झाले. गाडीला त्रास झाला तर दिवा लागला. आई मात्र रोज मागे गारठत होती, आणि मी रोज आरशात तिच्याकडे बघत होतो.

तुमच्याकडे आलेल्या आईबाबांना एसी किती हवा, हे तुम्ही कधी विचारलंत?