डावीकडे बघायचं नाही

आमच्या मंडळाच्या नाटकांत मी अठरा वर्षं प्रॉम्प्टिंग केलं. अभिनय मला येत नाही, वही मात्र नीट ठेवता येते. प्रत्येक नाटकाची वेगळी वही. एका पानावर संवाद, समोरच्या पानावर कोण कुठून येतं, हातात काय असतं, कंदील कोणत्या वाक्याला विझतो. प्रयोग सुरू झाला की ती वही घेऊन मी डाव्या विंगेत स्टुलावर बसत असे आणि शेवटचा पडदा पडेपर्यंत उठत नसे.

मुख्य भूमिका बहुतेक वेळा माझ्या मोठ्या जाऊबाईंची. मी त्यांना ताई म्हणते. रायपूरच्या मराठी घरांत ताईंना लोक आवाजावरून ओळखत. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना शब्दन्‌शब्द कळायचा. पाठांतराचा मात्र त्यांना मनस्वी कंटाळा. त्यामुळे आमच्यात न बोलता वाटणी झाली होती: लक्षात ठेवायचं मी, करायचं त्यांनी. समोरच्याचं वाक्य संपत आलं की त्यांचे डोळे क्षणभर डावीकडे वळत, मी पहिले दोन शब्द सोडत असे आणि पुढचं वाक्य त्या अशा काही उचलत की आधी काही अडलं होतं हे कुणाला कळू नये. प्रेक्षकांना वाटे, बाई विचार करून बोलते.

छत्तीसगढ राज्य नवीन झालं त्या काळातली ही गोष्ट. शहरात कार्यालयांच्या पाट्या रंगत होत्या, आमच्या ऑफिसात भोपाळहून फायलींचे गठ्ठे येत होते आणि त्यांच्या याद्या करण्याचं काम माझ्याकडे होतं. चौकाचौकात छत्तीसगढी सिनेमांची पोस्टरं लागली होती. मंडळाचं नाटक मात्र दोन वर्षं झालं नव्हतं. पात्रं मिळत नव्हती. तरुण पोरंपोरी तालमीला आली की विचारायची, "काकू, स्क्रिप्ट हिंदी में मिलेगी क्या?" ताई तेव्हा पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. आपलं नाटकातलं काम संपलं असं त्या बोलून दाखवत नसत, पण नाटकाचे फोटो भिंतीवरून काढून त्यांनी ट्रंकेत ठेवले होते.

अशा वेळी एक तरुण दिग्दर्शक आमच्या समता कॉलनीतल्या घरी आला. तेलीबांध्याला एका दुकानावरच्या खोलीत त्याचं ऑफिस होतं. त्यानं ताईंचं एक नाटक पाहिलं होतं, अर्धं समजलं नव्हतं आणि तरीही ताई लक्षात राहिल्या होत्या. नायकाच्या आईचं, म्हणजे दाईचं काम होतं. पाच प्रसंग. चहा घेता घेता त्यानं स्वच्छ सांगितलं, "दो दिन देखेंगे आंटी जी. नहीं जमा तो बुरा मत मानना, एक और दीदी हैं नज़र में."

तो गेल्यावर ताई म्हणाल्या, "दोन दिवस म्हणते. मले दोन मिनिटं लागत नाही."

रात्रीतून मी यादी केली. पंडरीच्या कापडबाजारातून बारीक काठाच्या दोन सुती साड्या, खळ नसलेल्या. काचेच्या बांगड्या. चष्म्याशिवाय चालतं का ते पाहणं. सिनेमा आणि नाटक यांत काय फरक पडेल याचेही मी वहीत चार मुद्दे लिहिले होते. त्यातले दोन पहिल्याच दिवशी खोटे ठरले.

शूटिंग गावातल्या एका जुन्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, घरात होतं. अंगण, तुळस, पडवीत चूल. ताईंना पडवीत सूप देऊन तांदूळ निवडायला बसवलं. समोर मुलाचं काम करणारा, एका बँकेत नोकरी करणारा तरुण. त्याला शहरात नोकरी लागली आहे, तो निरोप घेतो. खोली लहान आहे, तुला नंतर नेईन, दर महिन्याला येईन, असं सांगतो. त्यावर दाईचं एकच वाक्य: "खा के जाबे, बेटा." जेवून जा.

हा प्रसंग गोष्टीत शेवटी होता आणि शूटिंगमध्ये पहिला. ताईंना ते पटेना. "त्याले अजून मोठा केला नाही, अन्‌ मी निरोप देऊन राहिली? क्रमानं घ्या म्हणा ना."

"घर चार दिवसच मिळालं आहे, ताई," मी म्हटलं. "एका जागेचं सगळं एकदम करून टाकतात."

त्या उठून कॅमेऱ्याकडे तोंड करून बसल्या आणि "खा के जाबे" असं म्हणाल्या की शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. दिग्दर्शक हसला नाही, एवढा त्याचा भलेपणा. म्हणाला, "दाई, बेटा दो हाथ पे बैठा है. दूसरे पारा में नहीं गया अभी."

आवाज ताईंनी दुपारपर्यंत खाली आणला. ते मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. भुवया, मान, हात हेही लहान झाले. कॅमेरा जवळ असला की चेहऱ्यावर काही करावं लागत नाही, केलं की दिसतं, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. छोट्या टीव्हीवर स्वतःचं एक दृश्य पाहून त्या म्हणाल्या, "बापा! कवठाएवढे डोळे करते मी!" आणि पुढच्या वेळी केले नाहीत.

अडलं ते दुसरीकडेच. मुलगा बोलत असताना त्यांचे डोळे डावीकडे जात.

"उधर कौन है, दाई?" दिग्दर्शकानं विचारलं.

उधर मी होते. घडीच्या खुर्चीवर, मांडीवर वही घेऊन. मी उठून उजवीकडे जाऊन बसले. पुन्हा कॅमेरा सुरू झाला, मुलगा बोलू लागला, आणि ताईंचे डोळे डावीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे गेले. सहा वेळा घेतलं. सहाही वेळा. एकच वाक्य होतं आणि ते त्यांना पाठ होतं, तरी.

दिग्दर्शकाची सहायक मुलगी दिल्लीहून अभिनय शिकून आली होती. ती ताईंच्या शेजारी उकिडवी बसली आणि मायेनं म्हणाली, "आंटी, अपना कोई दुख याद करो. कोई घर छोड़ के गया हो. बस उसी को देखो."

ताईंचा थोरला मुलगा पुण्याला गेलेला. फोनवर हिंदीत बोलतो. हे मला माहीत होतं, त्या मुलीला नव्हतं. ताई तिला गोडच बोलल्या, पण नंतर माझ्याजवळ म्हणाल्या, "माझं दुःख मी याच्या सिनेमाले काहून देऊ वं? त्याचं त्यानं आणावं."

संध्याकाळी निघताना दिग्दर्शक मला बाजूला घेऊन म्हणाला, "दीदी, कल दोपहर तक देखता हूँ." त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. त्याचंही घर चार दिवसांचंच होतं.

घरी आल्यावर मी चहा केला आणि बोलले.

"ताई, एक सांगू? राग नाही ना येणार?"

"येणार असन म्हणूनच विचारून राहिली तू. बोल."

"तुम्ही डावीकडे पाहता ते माझ्यामुळे."

"तू त दुपारून उजवीकडे होती."

"तरी पाहिलं ना? अठरा वर्षं मी तिथं बसली. समोरचा बोलत असला की तुम्ही माझी वाट पाहता. त्याचं ऐकतच नाही."

ताई म्हणाल्या, "समोरचे त सगळे भिकार करत होते. त्यांचं काय ऐकायचं?"

मी हसले, पण मला ते लागलं होतं. मी मदत करत होते असं समजून मी अठरा वर्षं त्यांची एक सवय पोसली होती. रंगमंचावर ती खपली, कारण तिथं ऐकणाऱ्याकडे फारसं कुणी पाहत नाही, बोलणाऱ्याकडे पाहतात. कॅमेऱ्याचं उलट होतं. तो ताईंच्या तोंडासमोर बसला होता आणि त्याला त्यांचं ऐकणं हवं होतं. माझ्या चार मुद्द्यांत हे नव्हतं.

मला शिकवता येत नाही, पण काम आखून देता येतं. मी खरंच तांदूळ आणले, सूप त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, "मी त्या मुलाचं बोलणं वाचते. दर वेळी एक शब्द बदलीन. कोणता, ते तुम्ही सांगायचं."

पहिल्यांदा मी सकाळच्या गाडीची दुपारची गाडी केली. त्यांना कळलं नाही. दुसऱ्यांदा खोलीचं घर केलं. तेही गेलं.

"पुन्हा म्हण."

"पुन्हा नाही. तो काय पुन्हा म्हणणार आहे का?"

"म्हणते ना! दहा दहा वेळा म्हणते तो!"

हे खरं होतं, म्हणून पुन्हा म्हटलं. पाचव्या वेळी त्यांनी शब्द पकडला. आठव्या वेळी मी वाक्य संपवायच्या आत त्यांचा हात सुपात थांबला आणि त्या माझ्याकडे पाहत होत्या. सरळ माझ्याकडे. मी वहीत बरोबरची खूण करायला विसरले. जेवणापर्यंत दोन किलो तांदूळ निवडून झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बँकेतल्या तरुणाला गाठलं. "भैया, एक काम करोगे? हर बार एक शब्द बदल देना. कौन-सा, वो किसी को मत बताना. मुझे भी नहीं." आवाज नंतर भरायचा असल्यामुळे दिग्दर्शकाची हरकत नव्हती. मग मी वही पिशवीत घातली आणि घराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. ताईंना सांगितलं, मी डावीकडे नाही आणि उजवीकडेही नाही.

"जाय," त्या म्हणाल्या. "तोंड पाहू नको माझं."

ओट्यावरून काही दिसत नव्हतं. दोनदा "कट" ऐकू आलं. तिसऱ्यांदा मुलाचं पुसट बोलणं आलं, थांबलं, आणि मग काहीच नाही. प्रॉम्प्टरच्या सवयीनं मी मनात मोजू लागले. चारपर्यंत पात्र बोललं नाही तर शब्द द्यायचा, हा माझा नियम. चार झाले. पाच. "खा के" माझ्या ओठांवर तयार होतं. मी पदराचा बोळा तोंडाला लावला. सात. आठ. नऊ झाल्यावर ताई काहीतरी बोलल्या, इतकं हळू की दाराबाहेर नुसता आवाज आला, शब्द आले नाहीत. त्यानंतरचा "कट"सुद्धा हळूच आला.

आधी तो तरुण बाहेर आला. घामानं भिजला होता. "दीदी, महीने की जगह साल बोल दिया मैंने. साल में एक बार आऊँगा."

त्याच्या मागून ताई तणतणत आल्या. "मेल्यानं साल केलं वं! वर्षातून एकदा येतो म्हणते! लाज नाही वाटत?" त्या खरोखर चिडल्या होत्या. तो वाकून पाया पडायला लागला तेव्हा कुठे त्यांना हसू आलं.

दिग्दर्शकानं मला बोलावून उरलेल्या चार प्रसंगांच्या तारखा दिल्या. मी लिहून घेतल्या. दुसऱ्या दीदींचं नाव पुन्हा निघालं नाही.

पावसाळ्यानंतर आवाज भरायचं काम निघालं. भिंतींना गाद्या लावलेल्या एका खोलीत ताई तीन तास उभ्या राहिल्या. दोन दिवसांनी दिग्दर्शकाचा फोन माझ्या ऑफिसात आला. चेहरा उत्तम आहे, पण बोली बसत नाही. गावातली दाई नागपूरची वाटते. गावाकडच्या एका बाईकडून आवाज करून घेतला आहे. "आप बता देंगी न, दीदी?"

मी त्याच संध्याकाळी सांगितलं. अशा गोष्टी ठेवून बऱ्या होत नाहीत.

"म्हणजे मी दिसन, अन्‌ बोलन दुसरी?"

"हो."

"आवाज काढून घेतल्यावर माझ्यात उरलं काय वं?"

खोटं उत्तर द्यावंसं वाटलं नाही. "मले माहीत नाही, ताई," मी म्हटलं. "मी ओट्यावर होती."

सिनेमा लागला. घरातले सगळे पाहून आले, ताई गेल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्या स्वतःच साडी बदलून आल्या आणि म्हणाल्या, "चाल. गर्दी नसन आता."

पडद्यावर त्यांनी तोंड उघडलं आणि कुणा दुसऱ्याच बाईचा आवाज आला. बारीक, किंचित नाकातला. ताई खुर्चीत ताठ झाल्या. "पाह्य कशी बोलते. पाण्याले पानी म्हणते." पुढचं अर्धं त्या तशाच पुटपुटत होत्या.

मग तो प्रसंग आला. मी तो पहिल्यांदाच पाहत होते. मुलानं सालाचं सांगितलं आणि ताईंचा हात सुपात थांबला. चिमटीत एक खडा होता. त्या मुलाकडे पाहत होत्या, मग त्याच्या पायांतल्या नव्या चपलांकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. डोळ्यांत पाणी नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांनी तो खडा बाकीच्या खड्यांजवळ नीट ठेवला, आणि मग जेवून जायला सांगितलं. पुढच्या रांगांत मघापासून शिट्ट्या मारणारी पोरं गप्प होती. कुणीतरी खोकलं, तेही थांबलं.

मी ताईंचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

बाहेर उन्हात आल्यावर त्यांनी विचारलं, "ती जागा कशी झाली? खड्याची?"

"तुम्ही नाही पाहिली?"

"कुठची! ती बाई आता बोलन, मग बोलन, याचीच वाट पाहून राहिली होती मी. माझ्याकडे पाहायचंच राहून गेलं." त्यांनी चष्मा पुसला. "उद्या पुन्हा येऊ. आता तिचा आवाज माहीत झाला मले."

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात भोपाळच्या शेवटच्या गठ्ठ्याची यादी द्यायची होती. तरी मी तिकिटांच्या खिडकीकडे गेले आणि उद्याची दोन तिकिटं मागितली.