हबेस, आर्या आणि आमची पमी

अंधेरी ते घाटकोपर या पट्ट्यात माझ्या मावशीच्या नवऱ्याइतका मोठा आवाज देवानं दुसऱ्या कुणाला दिलेलाच नाही. सांताक्रूझला विमानं उतरतात ती यांना विचारूनच, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. कोकणातल्या छोट्या गावातनं दहावी करून मी कॉलेजसाठी मावशीकडे अंधेरीला राहायला आलो. पहिल्याच सकाळी काकांनी मोरीतनं "साबण!" म्हटलं आणि खालच्या मजल्यावरच्या बाई साबण घेऊन वर आल्या. हा माणूस कुजबुजायला लागला की शेजारपाजारचे रेडिओ बंद करायचे, नीट ऐकू यावं म्हणून. मला नकला करायची खोड शाळेपासूनची. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, रडणारं शेळीचं पिल्लू, सगळे माझ्या घशात मुक्कामाला. काकांचा आवाज बसवायला मात्र तीन महिने गेले. आणि बसला तो असा बसला, की त्यानं सगळ्यांची आधी वाट लावली आणि मग वाट दाखवली.

काका साकीनाक्याच्या एका कारखान्यात खलाशी होते. बोटीवरचे नव्हेत, अवजड मशिनं उचलून जागेवर बसवणारे. क्रेनवाला वर केबिनमध्ये, त्याला खालचं काही दिसत नाही. खाली काका उभे. "हबेऽऽस!" म्हणजे वर उचल, "आऽऽर्या!" म्हणजे खाली सोड. क्रेनवाल्यानं बघायचं नाही, डोकं चालवायचं नाही, फक्त काकांचा आवाज ऐकायचा. वीस वर्षांत त्यांच्या हाताखाली कुणाचं नखसुद्धा चेचलं नव्हतं. याचा त्यांना इतका अभिमान, की घरी पाहुणा आला तर चहाआधी स्वतःची दहा बोटं दाखवायचे. घरातही तीच भाषा. मी अंथरुणातनं उठलो नाही की "हबेस", माळ्यावरचा डबा काढायचा तर "आर्या". मावशी म्हणायची, "आमच्या लग्नात अंतरपाट उचलायला भटजींच्या आधी हेच ओरडले. मला वाटलं, आता मलाच उचलतायत क्रेननं."

हॉकी काका जन्मात खेळले नव्हते. कारखान्याच्या कंपाउंडला लागून एक मुरमाचं मैदान होतं, तिथल्या मॅचेस जेवणाच्या सुट्टीत भिंतीवर बसून बघितल्या, एवढंच शिक्षण. पण त्यांची मुलगी पमी सातवीत असताना शाळेच्या टीममध्ये गेली आणि काका बाजूच्या रेषेवर जाऊन उभे राहिले, ते राहिलेच. "हबेस!" म्हटलं की पमीनं बॉल घेऊन पुढे सुटायचं, "आर्या!" म्हटलं की मागे पास द्यायचा. बाकीच्या मुली बॉलमागे कोंबड्यांसारख्या धावायच्या आणि ही एकटी अशी खेळायची, जशी वरनं कुणी चालवतंय. तेराव्या वर्षी पमी म्हणजे झकास खेळाडू. पी.टी.च्या मिस म्हणायच्या, "ही पोरगी इंडिया खेळणार." काकांनी तेव्हाच माळ्यावरची एक मोठी ट्रंक रिकामी करून ठेवली, कप ठेवायला.

आणि मग पमी अडली. सोळाव्या वर्षी तीच पोरगी, तेच पाय, तीच स्टिक, पण खेळ काही वर सरकेना. बॉल मिळाला की क्षणभर खांबासारखी उभी राहायची आणि तेवढ्यात समोरची पोरगी बॉल घेऊन पसार. शाळेच्या टीममध्येसुद्धा ती राखीव बसायला लागली. मुंबईच्या ज्युनियर टीमची निवड सहा आठवड्यांवर, वयामुळे तिची ही शेवटचीच संधी. ट्रंकेत तिनं हळूच आपले हिवाळी स्वेटर ठेवून दिले, तेव्हा मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं.

काकांनी शोध सुरू केला. पहिल्यांदा संशय बुटांवर. मग स्टिकवर. ती घेऊन वाण्याकडे गेले आणि तराजूत घातली. वाणी म्हणाला, "काका, वजन ठीक आहे, पण लांब आहे, पुडी कशी बांधू?" मग त्यांना सापडलं, की पमीच्या डाव्या वेणीत उजवीपेक्षा केस जास्त आहेत, म्हणून ती पळताना डावीकडे ओढली जाते. दोन वेण्यांची एक झाली. मावशी म्हणाली, "अहो, पोरीचं डोकं आहे ते, मशीन नाही!" मग दृष्ट लागली म्हणून त्यांनी आपल्या गोलपोस्टला लिंबू-मिरची बांधली. पहिल्याच मॅचमध्ये आमच्या गोलकीपरनं बॉल सोडून मिरची अडवली. आणि हे सगळं चालू असताना रेषेवरचा आवाज दुप्पट झाला होता. पोरगी अडते म्हणजे आपलं ओरडणं कमी पडतंय, हे त्यांचं साधं गणित.

एका रविवारी सरावाची मॅच होती. काका नाक्यावर पान खायला गेलेले. रेषेवर मी आणि मैदानावरची चार टवाळ पोरं. पोरं म्हणाली, "कर ना रे तुझ्या काकांचा आवाज." समोर पमी बॉल घेऊन सुटली होती. गोलकीपर पडलेली, गोल उघडा, एखाद्या म्हशीनंही शेपटीनं बॉल ढकलला असता. मी पोटातनं हवा काढली आणि सोडला, "आऽऽर्या!"

पमी थांबली. वळली. आणि उघड्या गोलाकडे पाठ करून तिनं बॉल मागे पास केला.

मिसची शिट्टी तोंडातच राहिली. आणि माझ्या मागे काका उभे, गालात पान. मला वाटलं, आता आपला मुरंबा. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते, पमीकडे बघत होते.

"मेल्या," ते म्हणाले, "परत ओरड."

"काका, चुकलं माझं..."

"ओरड म्हणतंय ना! आर्या!"

मी ओरडलो. बॉल कुठेच नव्हता, तरी पमी चार पावलं मागे आली. काकांनी पान थुंकलं आणि खाली बसले.

"क्रेनवाल्याक खालचा दिसणा नाय रे," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज फक्त मला ऐकू आला. "हिका तर सगळा दिसता."

तेराव्या वर्षी ते चाललं, कारण समोरच्या पोरी हळू होत्या. आवाज पोचेपर्यंत बॉल जागेवर असायचा. आता पोरी वाऱ्यासारख्या, आणि आमची पमी अजून बापाच्या आवाजाची वाट बघत उभी. बूट नाही, वेणी नाही. तीन वर्षं रेषेवर उभं राहून काकांनीच पोरीला केबिनमध्ये बसवलं होतं.

निवडीच्या दिवशी मावशी म्हणाली, "तुम्ही घरीच थांबा." ते कसले थांबतायत! त्यांनी तोंडात दोन अख्खी पानं कोंबली, उघडलं तर आपलाच पांढरा शर्ट रंगेल अशी. पण खलाशी हातानंही खुणा करतो. म्हणून मला म्हणाले, "माझे हात मागनं धर. कायपण झाला तरी सोडू नको."

म्हणून ती मॅच मी काकांच्या हातांतनं बघितली. पहिली दहा मिनिटं पमी रेषेकडे बघत होती, आणि रेषेवर एक गालफुगा माणूस गप्प. दोनदा बॉल गेला. मिस हताश. मग पमीनं रेषेकडे बघणं सोडलं. एक पास दिला, बरोबर गेला. दुसरा दिला. शेवटच्या मिनिटांत बॉल तिच्याकडे आला, समोरनं दोघी धावून येतायत. काकांच्या हातांनी मला असा खाली हिसका दिला, की मी गुडघ्यावर आलो. आर्या! मागे दे! चक्क आर्या!

पमी पुढे गेली. बॉल दोघींच्या मधनं सारला, स्वतः बाजूनं वळसा घातला, गोलासमोरच्या डीमध्ये शिरली आणि बॉल ठोकला. गोलाच्या फळीवर असा आवाज झाला, की काका विसरले तोंडात काय आहे ते. शर्टाचं काय झालं ते सांगत नाही, पण पुढच्या होळीला त्यांना नवा शर्ट खराब करावा लागला नाही. संध्याकाळी मिसनं यादी वाचली. पमीचं नाव तिसरं होतं. मावशीनं रात्रीच्या जेवणाआधी ट्रंकेतनं सगळे स्वेटर काढून टाकले.

काका त्यानंतर मैदानावर कधी ओरडले नाहीत. भिंतीवर बसायचे आणि बोटं मोजायचे. पमी टीमबरोबर पहिल्यांदा बाहेरगावी निघाली तेव्हा आम्ही बसपाशी गेलो. बस सुटली, खिडकीतला हात लहान होत गेला. काकांनी मला कोपर मारलं.

"ओरड रे, माझ्या आवाजात."

"काय, हबेस?"

"नाय," ते म्हणाले. "आर्या."

मी जीव खाऊन ओरडलो. नाक्यावरचे रिक्षावाले वळले, पानवाला वळला, दोन कुत्री उठून उभी राहिली. बसच्या खिडकीतला हात तसाच हलत राहिला, पुढे पुढे जात वळणावर दिसेनासा झाला.

"वळली नाय," काका म्हणाले. "झकास." आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत, दहाही बोटं एकमेकांत गुंतवून, बराच वेळ तिथंच उभे राहिले.