ह्याच्या वर कोण?

खटकचिंचोळीच्या संगीताक्कानं मला हात दिला, हे आधी सांगतो. बाकीचं त्यानंतर.

नववीत शाळा सुटली आणि मी मन्नाएखेळ्ळीहून पुण्यात एका मेसमध्ये वाढपी म्हणून आलो. एकदा "भात संपायलाय" असं आत ओरडलो, तर कोपऱ्यात जेवणाऱ्या बाईनं मान वर केली. "आपल्याकडचा दिसायलास की रे!" हीच संगीताक्का. ती एका कंपनीत प्रोग्रॅमर होती. त्या महिन्यापासून दर रविवारी ती मला प्रोग्रॅमिंग शिकवायला लागली.

स्क्रीनवरच्या प्रोग्रॅममधल्या कुठल्याही क्लासवर, म्हणजे वस्तूंच्या प्रकारावर, बोट ठेवून "ह्याच्या वर कोण?" असं विचारायची तिची सवय. स्कूटरच्या वर वाहन. वाहनाच्या वर? तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं.

"कुणीच न्हाई, अक्का. अनाथ हाय."

"अनाथ कामून असंल रे येड्या? लिहिलं न्हाई तरी वर ऑब्जेक्ट हायच. सगळे क्लास शेवटी त्याचेच. वाट चुकलास की तिथवर वर जायचं, आन तिथून एकेक पायरी खाली उतरायचं."

परक्या गावात ते ऐकून मला फार बरं वाटलं होतं.

एकदा तिच्यासाठी खोली बघायला मी सोबत गेलो. मालकानं आडनाव विचारलं. मग, "म्हणजे कोण?"

"बौद्ध."

"ते झालं हो. त्याच्या आधी कोण?"

"अजून वर चला की काका. सगळ्यात वर माणूसच हाय."

खोली मिळाली नाही. जिन्यात अक्का हसली. रस्त्यावर आल्यावर मात्र समोर आलेली आमची बस तिनं तशीच जाऊ दिली.

गेल्या वर्षी तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. वाचली, पण शब्द गेले. तिचे अप्पा तिला गावी घेऊन गेले. तिनं फॉर्म भरून दिलेली प्रोग्रॅमिंगची परीक्षा मी ती गावी गेल्यावर दिली, पास झालो, नोकरी लागली. अजून कच्चीच आहे. रोज वाटतं, आज काढतील. ही बातमी तिला सांगायला मी खटकचिंचोळीला गेलो. वाटभर एकच धाकधूक, अक्का मला ओळखेल ना?

अप्पा तिला चमच्यानं मऊ भात भरवत होते. "संगे, ह्यो कोण आलाय बघ. नागू न्हाई का, तुझा?"

ती कितीतरी वेळ माझ्याकडं बघत राहिली. कपाळावर आठ्या पडल्या. मग म्हणाली, "माणूस."

"सगळ्यांला तेच म्हणायलीय बाबा," अप्पा म्हणाले. "मला बी."

नोकरी लागल्याचं मी सांगितलं. ती चमच्याकडं बघत होती.

अक्का, तू वाट चुकलीस, पण नेमकी तिथंच जाऊन थांबलीस, जिथून खाली उतरता येतं. ते तूच मला शिकवलंस. सुट्टी मिळेल तशी मी येत राहीन, तुझ्या शेजारी बसून स्वतःवर बोट ठेवीन. माणूस. मग पोरगा. मग आपल्याकडचा. मग मेसमधला वाढपी. एक ना एक दिवस तुला नागूपर्यंत आणीनच.