खालच्या खणातली पिस्तुलं

ओक्लाहोमातल्या बंदुकांच्या दुकानात डेल्बर्टने तीस वर्षं काढली. गिऱ्हाइकाशी हात मिळवला की त्या हाताला कोणतं पिस्तूल बसेल, बोट चापापर्यंत पोचेल की नाही, हे तो तिथल्या तिथे सांगायचा. पण म्हातारी बाई आली की मेल्याच्या अंगात यायचं. मुद्दाम सगळ्यात कडक स्प्रिंगचं पिस्तूल तिच्या हातात देऊन म्हणायचा, "ओढा आजी, गोळी भरायला वरचा भाग मागे ओढा." संधिवाताच्या बोटांना ते कुठलं जमायला! मग दुकानाकडे वळून म्हणायचा, "आजी, तुम्ही आपला कुत्रा पाळा!" दुकान खो खो हसायचं. अशाच हातांसाठी बनवलेली, हलक्या स्प्रिंगची दोन पिस्तुलं खालच्या खणात होती. ती त्याने कधी दाखवली नाहीत. गंमत गेली असती ना!

दुकानातली नोकरी सोडल्यावर, पासष्टीत त्याचीच बोटं संधिवाताने वाकडी झाली. घरातलं एकही पिस्तूल हाताला दाद देईना, तेव्हा तो गिऱ्हाईक म्हणून दुकानात आला. त्यानेच विक्रीच्या कामात तयार केलेल्या रोंडाने तेच कडक पिस्तूल त्याच्यापुढे ठेवलं. त्याला ते ओढवलं नाही.

"काका, तुम्ही आपला कुत्रा पाळा!"

दुकान हसलं. डेल्बर्टही हसला. कुठे हसायचं हे त्यानेच तर सगळ्यांना शिकवलं होतं. मग हळूच म्हणाला, "रोंडा, खालचा खण उघड."

"ती दोन होय? ती तुम्हीच जाताना कंपनीला परत पाठवायला लावलीत की, काका. म्हातारी माणसं घेतच नाहीत म्हणालात."